एका ट्रंकेत मावतील एवढेच कपडे



लखनौच्या पोस्टिंगवर दुसरा उन्हाळा काढून झाला. पुढच्या वर्षी नोकरीची चोवीस वर्षं पूर्ण होतील आणि वर्दी उतरेल. मग रोज सकाळी अंगात काय घालायचं, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. पण 2002 साली बेळगावच्या सेंटरला भरती झाल्यापासून तो मला कधी पडलाच नव्हता. सरकारने सांगितलं ते घातलं. त्यामुळे आज थोडं कपड्यांविषयी बोलतो. पेन्शनीला आलेल्या भावांनी जरूर वाचावं.

सेंटरला पहिल्या दिवशी किट मिळालं, त्याबरोबर काळी ट्रंक आली. वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. वर्दी, जर्सी, बूट, मोजे, बनियान, घोंगडी आणि सुई-दोरा-बटणांची छोटी पिशवी. तिला फौजेत ‘हाउसवाइफ’ म्हणतात. उस्ताद म्हणाले, जे ट्रंकेत बसत नाही ते तुझं नाही. तेव्हा हसू आलं होतं. नंतर कळलं, दर दोन-तीन वर्षांनी ज्याला बिस्तरा उचलायचा आहे, त्याच्यासाठी याहून मोठं शहाणपण नाही.

पण मुफ्तीच्या बाबतीत मीही चुकलो. लखनौला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात रविवारी अमीनाबादला गेलो. चारबाग स्टेशनपासून जवळच आहे. अवधचे वजीर अमीनुद्दौला यांच्या नावावरून वसलेला हा बाजार. झेंडेवाला पार्क, गडबडझाला नावाच्या गल्ल्या, कुल्फी, कबाब आणि जिकडे पाहावं तिकडे कापड. फुटपाथवर शर्टांचा ढीग होता. हजार रुपयांत पाच. घेतले. पहिल्या धुण्यात बादली निळी झाली आणि बराकीतल्या शेजाऱ्याची बनियानही निळी झाली. महिन्याभरात कॉलर वळली. सात-आठ वेळा घालून एकेक शर्ट गाडी पुसायला गेला.

उलट 2011 मध्ये लग्नात शिवलेला एक सुती शर्ट माझ्याकडे आहे. साताऱ्याच्या टेलरकडून कापड आणि शिलाई धरून अकराशे रुपये लागले होते. तेव्हा वडील बोलले होते, एवढे पैसे एका शर्टाला? आता तुम्हीच हिशेब करा. दोनशेचा शर्ट आठ वेळा घातला, म्हणजे एका वेळेला पंचवीस रुपये पडले. अकराशेचा शर्ट अडीचशे वेळा तरी घातला असेल, म्हणजे वेळेला साडेचार रुपयेसुद्धा नाहीत. महाग कुठला, ते सांगा.

माझं मत एवढंच आहे: कपडे कमी घ्या, पण घेताना उलटे करून बघा. नुसते कमी घेऊन भागत नाही, कारण वाईट कपडे कमी घेतले तर तुम्ही फक्त लवकर उघडे पडाल.

‘उलटे करून बघा’ हे मला अमीनाबादच्याच एका म्हाताऱ्या चिकनवाल्याने शिकवलं. दिवाळीच्या सुट्टीत सौ. आणि मुलगी आल्या होत्या, तेव्हा आम्ही त्याच्या दुकानात बसलो. मी कुर्त्याची पुढची बाजू न्याहाळत होतो. तो म्हणाला, “फौजी साहब, पहले उल्टा देखिए.” हाताच्या बखियात टाके कापडाच्या मागून घातलेले असतात आणि पुढे नुसती त्यांची सावली दिसते. मशीनच्या कामात सगळी फुलं एकसारखी असतात आणि मागे दोऱ्यांचं जाळं. हाताच्या कामात एक पाकळी किंचित लहान, एक मोठी निघते. त्याने न धुतलेला एक कुर्ताही दाखवला. त्यावर लाकडी ठशांची निळी नक्षी तशीच होती. आधी नक्षी छापायची, मग त्यावर भरतकाम, मग धुवून नीळ काढायची, असा क्रम. भरतकाम बहुतेक बायकाच करतात, लखनौत आणि आसपासच्या गावांत घरी बसून. 2008 मध्ये या कामाला जीआय मानांकन मिळालं. तरी मध्ये ठेकेदार असतो आणि डोळे फोडणाऱ्या बाईच्या हाती सगळ्यात छोटा वाटा पडतो.

तेव्हा मला ते हजारात पाच शर्ट आठवले. दोनशेत कापड, शिलाई, बटणं, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा बसत असेल, तर शिवणाऱ्याला काय उरलं? स्वस्ताईचे पैसे कोणीतरी भरत असतंच.

सौ.ला हे सगळं सांगायला लागलो, तर तिने तिथेच मला गप्प केलं. “अहो, तुम्हाला सरकार कपडे देतं. तुम्ही चार लग्नांत एकच शर्ट घातला तर लोक साधा माणूस म्हणतात. मी दोन लग्नांत एकच साडी नेसले तर जावा विचारतात, दुसरी नाही का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. हा नियम बायकांनी केलेला नाही, पण त्याची किंमत त्याच मोजतात. म्हणून मी उपदेश आवरता घेतला. तिने एकच साडी घेतली, हातकामाची, आणि म्हणाली, “ही मी दहा लग्नांत नेसणार. विचारू देत.” त्या दिवशी मोर्चावर कोण होतं, हे तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. माण तालुक्यातल्या आमच्या घरी दिवाळीला वडील एकच तागा आणायचे. तिघा भावांचे शर्ट त्यातलेच, तेही वाढत्या मापाचे. मोठ्याचा मला, माझा धाकट्याला. आईचं लुगडं फाटलं की त्याची गोधडी. तेव्हा ती गरिबी होती, तिचं गुणगान मी करणार नाही. पण कापड मात्र खरं होतं. माझ्या पाच शर्टांची गोधडी कुणी शिवून दाखवावी!

आता पेन्शनीला येणाऱ्यांसाठी माझी ट्रंक सांगतो. पॅंट तीन: गडद निळी, राखाडी, मातकट. शर्ट पाच: दोन पांढरे, दोन फिके निळे, एक बारीक रेघांचा. कुठलाही शर्ट कुठल्याही पॅंटवर चालतो, म्हणजे पंधरा जोड झाले. एक चिकनचा पांढरा कुर्ता-पायजमा, एक लोकरी स्वेटर, एक गडद निळा कोट. काळे बूट आणि चपला. लखनौचा मे महिन्यातला चाळिशीपार उन्हाळा आणि जानेवारीचं धुकं, दोन्ही यात निघतं. थंडी वाढली की शर्टावर स्वेटर, त्यावर कोट.

घेताना शिवण ताणून बघा. टाके उसवतात का, आतली शिलाईपट्टी ठेवली आहे का, काजं नीट भरली आहेत का, ते पाहा. कापडाचा एक धागा मिळाला तर जाळून बघा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टर म्हणजे वाईटच असंही नाही. 15 जानेवारी 2022 च्या आर्मी डेला आलेली आपली नवी कॉम्बॅट वर्दी सत्तर टक्के सूत आणि तीस टक्के पॉलिएस्टरची आहे, म्हणजे टिकते आणि लवकर वाळते. कामाला योग्य ते कापड हवं, एवढंच.

सगळं एकदम घेऊ नका. पेन्शनच्या पैशांवर आधीच घराची, पोरांच्या शिक्षणाची नजर असते. जुनं झिजेल तसं एकेक चांगलं आणा. आणि जुनी कॉम्बॅट वर्दी शेतात घालायला कुणाला देऊ नका. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर 2016 मध्ये लष्कराने तसं आवाहन केलेलं आहे.

वर्दी उतरली की माणूस रिकामा वाटतो, असं मला अनेक सीनियर सांगतात. काहींनी ते रिकामपण कपाट भरून घालवायचा प्रयत्न केलेला मी पाहिला आहे. मला तसं करायचं नाही. त्याच काळ्या ट्रंकेत घडी घातलेले थोडे कपडे आणि हाउसवाइफमधली सुई असेल. बटण तुटलं तर मी स्वतः लावीन.

जय हिंद!