सातबारा सोडून सगळं न्हाणीत

कोकणी माणसाला कागदाची कदर नाही असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी भांडेन. आमच्याइतका कागद जपणारा माणूस शोधून सापडायचा नाही. सातबारा, फेरफार, खरेदीखत, पणज्यानं कधीकाळी जिंकलेल्या दाव्याचा हुकूमनामा. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत, ट्रंक पलंगाखाली आणि किल्ली कमरेला. चुलतभावानं बांध वीतभर सरकवला की पिशवी काखोटीला मारून आम्ही ओरोसच्या कोर्टात हजर. उरलेलं, म्हणजे ज्यानं कोर्टात काहीच सिद्ध होत नाही ते, चतुर्थीच्या साफसफाईत न्हाणीच्या चुलीत. पाणी मात्र कडकडीत तापतं.

त्या चुलीत काय गेलं ते बघा. टपालखात्यानं १८८० साली मनीऑर्डर सुरू केली आणि पुढे कित्येक पिढ्या मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातली घरं मुंबईत लालबाग-परळच्या गिरण्यांतल्या पगारावर जगली. मनीऑर्डरच्या फॉर्मला एक कुपन असायचं, घरच्यांनी ठेवून घ्यायचं. त्यावर मजकुराला दोन-चार ओळींची जागा. तेवढ्यात गिरणीतला बाप विचारायचा की लावणी झाली काय, म्हातारीचा खोकला कसा आहे, धाकट्याची फी भरली काय. एका घरातली अशी कुपनं तारखेनं लावली, तर भात कुठल्या साली बुडालं, खाडे कधी झाले, लेकीच्या लग्नाला कर्ज किती काढलं, सगळं समोर येतं. इतका रोखठोक इतिहास कुठल्या गॅझेटियरात शोधायला जाऊ नका. आम्ही त्यावर आंघोळी केल्या.

याची शिक्षाही भोगून झाली. १८ जानेवारी १९८२ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला, गिरण्या बंद पडल्या, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षांनी, २०१२ साली, म्हाडानं गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. पण कामगार असल्याचा पुरावा हवा होता. गिरणीचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, तिकीट नंबर. मग गावोगावचे माळे उलटेपालटे झाले. "बाबांचो पास खंय ठेवलंस?" म्हणून सुनांनी सासवांना फैलावर घेतलं. एवढं होऊन शहाणपण काय आलं? ज्याला कार्ड सापडलं त्यानं ते लगेच लॅमिनेट करून आणलं. गरम करून चिकटवलेलं ते प्लास्टिक आता कागदाची चामडी सोलल्याशिवाय निघायचं नाही. आणि त्याच ट्रंकेतली पत्रं, वह्या, फोटो? घर मिळवायला त्यांचा उपयोग नव्हता.

फोटोंची कथा आणखी वाईट. काचेला घट्ट टेकवलेला जुना फोटो मातीच्या भिंतीवर चार पावसाळे काढतो, ओल खाऊन त्याचा वरचा थर काचेला चिकटतो आणि कुणी काच उचलली की आजीचा चेहरा काचेबरोबर निघून येतो. मागे पेन्सिलीनं नाव लिहायचे कष्ट कुणी घेतलेले नसतात. मधला कोण? कोण जाणा, आवशीचो मामा आसतलो.

तारकर्लीच्या वाटेवर एका होमस्टेत गेलो होतो. मालक चाकरमान्याचा मुलगा. वडिलांचं कौलारू घर पाडून त्यानं दोन मजले चढवलेले, आणि जिन्याच्या भिंतीवर तपकिरी रंगातले जुने फोटो ओळीनं टांगलेले. पहिल्याच चौकटीत डगला आणि पारशी पगडी घातलेले गृहस्थ. मी विचारलं, हे तुमचे कोण? "कोण नाय ओ. चोरबाजारातसून हाडलंय. लूक येता." आजोबांची ट्रंक? ती घराबरोबर भरावात गेली.

सरकारबद्दल न बोललेलंच बरं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा ३५ फुटांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ला उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला, आणि त्याच जागी त्याहून उंच पुतळा उभारायला पैसे लगेच मिळाले. कागदांचं म्हणाल तर, पत्रादेवीची हद्द ओलांडली की गोव्याचं पुराभिलेखागार स्वतःची सुरुवात १५९५पासून मोजतं. आमचे विद्वान इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचं नाव घेतात, त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा १८९८चा पहिला खंड, १९१०चं भारत इतिहास संशोधक मंडळ, सगळं तोंडपाठ. पण या विद्वानांच्या लेखी अजूनही कागद म्हणजे मोडी, मोडी म्हणजे सरदार. खलाशाची वही, शिक्षिकेची रोजनिशी, मासे विकणाऱ्या बाईचा उधारीचा हिशोब यांना दफ्तरात जागा नाही. मुंबईत स्पॅरो ही संस्था १९८८पासून बायकांची पत्रं, फोटो, आठवणी जमवते आहे. सावंतवाडीत १८५२पासून वाचनालय असणाऱ्या आमच्या जिल्ह्याला दर तालुक्यात एक कोरडी खोली, ओल शोषणारं यंत्र, स्कॅनर आणि एक साधा करारनामा जड जाऊ नये. करारात दोनच कलमं हवीत. मूळ कागद घरच्यांना परत हवा असेल तर परत. आणि खाजगी पत्रं घरचे सांगतील तितकी वर्षं मोहोरबंद. दुसऱ्या कलमाशिवाय आमच्या भाऊबंदकीत कुणी पाकीटसुद्धा द्यायचा नाही. पुतण्यानं काकाचं पत्र वाचलं तर उद्या दावा दाखल!

हे कुठेही बोललं की नवी पिढी फोन पुढे करते. सगळं मोबाइलवर घेतलंय, घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंय. ग्रुपवर गेलेला फोटो बहुधा दाबून बारीक झालेला असतो. मोठा करायला जावं तर नाकाच्या जागी चौकोन दिसतात. परवा अशाच एका ग्रुपवर लग्नाचा जुना फोटो आला. ट्यूबलाइटची तिरीप बरोब्बर नवरीच्या तोंडावर. ओळखणारे तिघं, तिघांची नावं वेगळी. मूळ फोटोच्या मागे काही लिहिलंय का बघा, म्हणून मी विचारलं.

"मूळ? तां फेकून दिलंव. आता ह्यो आसा मां."

खाली अकरा जणांचे नमस्कार.