चित्राखालची ओळ

लंडनच्या टेट संग्रहालयात शनिवारवाड्यातल्या एका दरबाराचे मोठे तैलचित्र आहे. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले, त्या १७९० च्या तहाचा हा प्रसंग. सवाई माधवराव, नाना फडणवीस, पुण्यातला कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट आणि भोवती दाटीने बसलेले मुत्सद्दी, मानकरी, गोरे अधिकारी असे सगळे त्यात आहेत. पेशवाईचा वैभवकाळ दाखवायचा झाला की हेच चित्र पुढे येते आणि त्याखाली छापलेल्या एका ओळीने वाचकाचे समाधान होते. या ओळीत सहसा येत नाही ती माहिती अशी : चित्र थॉमस डॅनियल याने १८०५ साली, म्हणजे तहानंतर पंधरा वर्षांनी, इंग्लंडात पुरे केले. तो त्या दरबारात हजर नव्हता. त्याने आधार घेतला जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांचा. पण वेल्सही १७९२ साली पुण्यात आला, तह होऊन गेल्यावर दोन वर्षांनी. आणि १७९५ साली तो वारलाही. चित्र काढवून घेतले खुद्द मॅलेटने. तो १७९८ साली मायदेशी परतला होता आणि पुढच्याच वर्षी त्याने वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केले होते. थोडक्यात, ज्याची कामगिरी चित्रात मिरवते त्यानेच पैसे मोजले, सासऱ्याची रेखाटने पुरवली आणि प्रसंग न पाहिलेल्या चित्रकाराकडून तो रंगवून घेतला.

याच्या जोडीला एक चुटपूट लावणारी गोष्ट आहे. १७९० साली पुण्यात पाहून काढणारा एक माणूस होता. गंगाराम तांबट हा मॅलेटच्याच पदरचा पुणेकर चित्रकार. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे त्याने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात काढलेले चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंडा समोर होता, चित्रकार समोर होता, म्हणून त्या गेंड्याबद्दल आपल्याला जेवढी खात्री बाळगता येते तेवढी त्या वर्षीच्या दरबाराबद्दल बाळगता येत नाही.

मग टेटमधले चित्र खोटे म्हणून बाजूला ठेवायचे काय? या अंकाची मांडणी करताना आमच्यापुढे जो प्रश्न होता तो हाच, आणि आमचे उत्तर नाही असे आहे. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. आतले महाल, लाकडी खांब, कोरीव महिरपी, काहीच राहिले नाही. आज तटाच्या आत जोत्यांखेरीज फारसे काही दिसत नाही. ज्या दालनाचा मागमूस उरला नाही ते कसे शोभत असेल, माणसे कशी बसत, पागोटी कशी बांधत, बिछायतीवर बसताना परक्यांची कशी अडचण होत असेल, याची कल्पना देणारी साधने हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी आहेत, आणि त्यांतले हे एक महत्त्वाचे आहे. मॅलेटला सिद्ध करायचे होते आपले मोठेपण. खांब आणि महिरपी यांच्याविषयी त्याला काहीच सिद्ध करायचे नव्हते, म्हणूनच त्यांच्या बाबतीत चित्रावर अधिक विसंबता येते. ऐतिहासिक चित्र वाचण्याची रीत आमच्या मते अशी उलटी आहे. मथळ्यात ज्याचे नाव आहे त्याच्याविषयी चित्राचा शब्द सर्वांत शेवटी मानावा. ज्याने ते काढले आणि काढवले त्याच्याविषयी ते अधिक सांगते, आणि सर्वांत भरवशाचे ठरते ते चित्रकाराच्या मनात काही सांगायचे नसताना उतरलेले.

मथळा किती ठिसूळ असतो याची साक्ष महाराष्ट्राने आपल्या सर्वांत आदरणीय चित्राच्या बाबतीत घेतलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत शिवाजी महाराजांचे म्हणून जे एक चित्र पुस्तकांतून आणि घरांतून फिरत होते, ते इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे होते. मनुची या इटालियन प्रवाशाच्या ग्रंथातून ते उचलले गेले आणि नाव बदलून रूढ झाले. वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथकार व्हॅलेंटाइन याच्या कागदांचा माग काढत महाराजांचे चित्र शोधले आणि १९३३ साली ते लोकांपुढे ठेवले. चूक एका ओळीची होती. ती दुरुस्त करायला परभाषेतली दप्तरे चाळणारा संशोधक लागला. बेंद्र्यांचे श्रेय मोठे आहेच. पण समाजाने ती दुरुस्ती स्वीकारली आणि सवयीचे चित्र सोडून दिले, हेही नोंदवण्याजोगे आहे. इतक्या जिव्हाळ्याच्या विषयात असे नेहमी घडत नाही.

तरी चौकशी तिथे संपत नाही, उलट तिथून ती रंगत जाते. ॲमस्टरडॅम, लंडन आणि पॅरिस इथल्या संग्रहांत महाराजांची सतराव्या शतकातली दख्खनी शैलीची लघुचित्रे आहेत. त्यांतली बरीचशी गोवळकोंड्याच्या कलमाची मानली जातात. त्या काळी युरोपीय व्यापारी हिंदुस्थानातल्या बादशहा-सुलतानांच्या तसबिरींचे संच विकत घेत, आणि महाराजांच्या काही तसबिरी अशा संचांतूनच परदेशी गेल्या. म्हणजे त्या भक्तीने काढलेल्या नाहीत, दरबारी हुकमानेही नाहीत. गिऱ्हाईक होते म्हणून निघाल्या. त्यांत निमुळती दाढी, सरळ धारदार नाक, बांधेसूद अंग असे साम्य दिसते. हे साम्य कशामुळे? चेहरा तसाच होता म्हणून, की एका कारखान्यातल्या नमुन्यावरून पुढची चित्रे उतरवली म्हणून? दक्षिणेच्या स्वारीवर असताना १६७७ साली महाराज भागानगरला कुतुबशहाच्या भेटीस गेले होते, त्यामुळे गोवळकोंड्याच्या एखाद्या चित्रकाराने त्यांना पाहिले असण्याचा संभव आहे. पण संभव म्हणजे पुरावा नव्हे. अशी तसबीर महाराजांच्या काळाच्या अगदी लगतची आहे, इतके ठामपणे म्हणता येते. समोर बसवून काढलेली आहे असे म्हणायला आधार नाही. या दोन विधानांमधले अंतर जपणे हेच इतिहासाचे काम, आणि चित्राखालच्या ओळीत नेमके तेच पुसले जाते.

छायाचित्र आल्यावर हा घोळ मिटायला हवा होता, तो वाढला. कॅमेरा खोटे बोलत नाही हा समज एकदा रुजला की त्याच्या खालचे नाव तपासण्याची गरजच कुणाला वाटत नाही. झाशीच्या राणीचे म्हणून एक छायाचित्र अलीकडे सर्वत्र फिरले. हॉफमन नावाच्या साहेबाने ते १८५० साली काढले, अशी कथा त्याला जोडलेली असते. १८५० साली गंगाधरराव हयात होते, झाशी संस्थान शाबूत होते. बुंदेलखंडातल्या राणीला कॅमेऱ्यापुढे बसवण्याचे कारण काय, याचे उत्तर कथेत नाही. कलकत्त्यात हॉफमन हे नाव छायाचित्रणाच्या धंद्यात गाजले तेही १८८० नंतरच्या काळात. नानासाहेब पेशव्यांची गत याहून मासलेवाईक आहे. बंडाच्या धामधुमीत ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने त्यांचे म्हणून जे चित्र छापले, ते मुळात लष्कराला रसद पुरवणाऱ्या एका हिंदुस्थानी कंत्राटदाराचे असल्याची नोंद विल्यम फोर्ब्स-मिचेल या गोऱ्या सार्जंटाने आपल्या आठवणींत केली आहे. सगळे इंग्लंड ज्याच्या नावाने दातओठ खात होते त्याच्या जागी कंपनी सरकारचाच पुरवठादार! क्रूर मुद्रा पाहण्याची तयारी करून बसलेल्या वाचकाला त्याही चेहऱ्यात क्रौर्य दिसले असणारच.

लखनौच्या सिकंदरबागेचे छायाचित्र याहून वेगळ्या जातीचे आहे, कारण त्याचा मथळा खरा आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये तिथे दोन हजारांच्या आसपास शिपाई मारले गेले. फेलीचे बियातो हा छायाचित्रकार लखनौला पोहोचला तो पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये. पडक्या वास्तूपुढे विखुरलेल्या हाडांचे त्याचे चित्र जगभर गेले. पण त्या वेळी तिथे असलेल्या सर जॉर्ज कॅम्पबेल या मुलकी अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की नीट न पुरलेले मृतदेह छायाचित्रासाठी उघडे करण्यात आले होते. कत्तल खरी, जागा खरी, हाडेही खरी. मांडणी मात्र चार महिन्यांनंतरची आणि विजेत्याच्या सोयीची. अशा वेळी कुणी म्हणेल की प्रसंग खरा असल्यावर मांडणीचा एवढा बाऊ कशाला? बाऊ एवढ्यासाठी की हे छायाचित्र कत्तल कशी झाली ते सांगत नाही. ती झाल्यावर विजेत्यांना काय दाखवावेसे वाटले, ते सांगते. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच भयानक आहे आणि मथळ्यात तिचा पत्ता नाही.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला श्रद्धेचा. लोकांना चेहरा लागतो. माणसे तसबिरीला हात जोडतात तेव्हा ती नाकाच्या लांबीला हात जोडत नसतात, मग ही चिकित्सा कुणासाठी? आक्षेपात तथ्य आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात निघालेल्या चित्रशाळेच्या छापील चित्रांनी महाराष्ट्राला इतिहासपुरुषांचे चेहरे दिले. ती कल्पनेची चित्रे होती, तशीच ती पाहिली गेली आणि त्यांनी आपले काम चोख केले. कल्पनाचित्राशी आमचे भांडण नाहीच. कल्पनाचित्राला समकालीन पुराव्याचा अंगरखा चढवला जातो तिथे आहे. श्रद्धेला चेहरा पुरतो. पुराव्याला चित्रकार, साल आणि ठिकाणही लागते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. लिखित पुरावा तरी कुठे एकमुखी असतो? थेवेनो हा फ्रेंच प्रवासी महाराजांना सावळसर म्हणतो. सुरतेचा इंग्रज पाद्री एस्कॅलिओट १६६४ च्या पत्रात, तेही ऐकीव माहितीवरून, त्यांना त्यांच्या माणसांपेक्षा गोरे ठरवतो. वेढ्याच्या काळात झाशीत असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडश्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला तो फेरफार करून. मग एकट्या चित्रालाच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करायचे? उत्तर साधे आहे : लिखिताला आपण त्या पिंजऱ्यात केव्हाच उभे केले आहे. गोडश्यांच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला, म्हणून तर वैद्यांनी काय बदलले ते आज कळते. राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढले, भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून मोडी रुमाल सोडले. पत्राची तारीख, मायना, शिक्का, अक्षर यांवर वाद घालायला मराठी वाचक शिकला. शके चुकला तर संपादकाला धारेवर धरणारा तोच वाचक चित्रापाशी आला की पान उलटतो. अर्थात दोष निम्मा आम्हा संपादकांचा. कागदाला आम्ही तळटीप देतो, चित्राला चौकट.

रंग भरलेली जुनी छायाचित्रे आणि संगणकाने घडवलेले पेशवे आता रोज फोनवर येतात, आणि त्यावरून बरीच हळहळ व्यक्त होते. आम्हाला त्यात फारसे नवे दिसत नाही. इब्राहिमखानाला महाराज करायला संगणक लागला नव्हता. फरक वेगाचा आहे, आणि एक बारीकसा फरक आणखी : डॅनियलच्या चित्रामागे निदान एक मॅलेट आणि एक वेल्स सापडतात, त्यांचा हेतू तपासता येतो. यंत्राच्या चित्रामागे असा तपासण्याजोगा माणूस हाती लागेलच असे नाही, त्यामुळे ते नजर चुकवून पुराव्यात शिरले तर बाहेर काढणे अवघड.

या अंकात जुनी चित्रे भरपूर आहेत. प्रत्येकाखाली ते कुणी काढले, केव्हा, कुणाच्या सांगण्यावरून आणि आज ते कुठे आहे, इतके छापण्याचा प्रयत्न केला आहे. त्यामुळे काही ठिकाणी ओळीचा परिच्छेद झाला आणि मांडणीकारांची नाराजी आम्ही पत्करली. काही देखण्या चित्रांचा माग लागला नाही, ती वगळली. काही मजकुरासाठी आवश्यकच होती. त्यांच्याखाली चित्रकार अज्ञात, काळ अनिश्चित असे स्पष्ट लिहिले आहे. यांपैकी एखाद्या चित्राची मूळ प्रत, मागच्या बाजूचा शेरा किंवा जुनी पावती कुणापाशी असेल तर त्यांनी जरूर कळवावे. पुढच्या अंकात दुरुस्ती चित्रासह छापू.