घरातले एक्सचेंज

संगणकाच्या पोटात दुसरा संगणक आणि त्या दुसऱ्याच्या पोटात दूरध्वनी-केंद्र, हे वर्णन ऐकून कुणालाही डबीत डबी घालण्याचा खेळ आठवेल. आमच्या पुण्याच्या घरी हा खेळ गेली काही वर्षे चालू आहे. जिन्याखालच्या कपाटात एक जुना संगणक अहोरात्र गुणगुणत असतो. त्यात तीन आभासी संगणक नांदतात: एकात छायाचित्रे, एकात हिशेब आणि एकात ॲस्टरिस्क नावाची मुक्तस्रोत आज्ञावली. ही आज्ञावली म्हणजे आमचे एक्सचेंज. तळमजल्यावर आईच्या उशाशी असलेला फोन ११, स्वयंपाकघरातला १२, वर माझ्या टेबलावरचा १३ आणि टोरांटोला ताईच्या घरी १४. आईने १४ दाबले की साता समुद्रांपलीकडे घंटा वाजते.

हे कळल्यावर मित्रमंडळी दोन प्रश्न विचारतात. पैसे किती वाचले? आणि हातातल्या मोबाईलवर सगळे फुकट असताना हा उपद्व्याप कशासाठी? पहिल्याचे उत्तर सोपे आहे: काही वाचले नाहीत. चोवीस तास चालणाऱ्या संगणकाला वीज लागते. दुसऱ्याचे उत्तर आई देईल. तिला काचेच्या पडद्यावर बोट फिरवणे जमत नाही. चोंगा उचलून दोन आकडे दाबणे जमते. मात्र या छंदातले जाणकार निराळेच उत्तर देतात. ते म्हणतात, हे स्वातंत्र्य आहे. आपले संभाषण कुणा कंपनीच्या ताब्यात नाही. मीही बरेच दिवस हेच म्हणत असे. आता या उत्तराची मला शंका येऊ लागली आहे, आणि ती मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एक्सचेंज म्हणजे केवळ तारा जोडण्याची जागा नव्हे. कुणाचा आवाज कुणापर्यंत, केव्हा पोचावा हे जिथे ठरते ती ही जागा आहे. आपोआप जोडणी करणाऱ्या एक्सचेंजचे १८९१ सालचे पेटंट अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रॉजर यांचे. ते व्यवसायाने अंत्यविधीची व्यवस्था करणारे. असे सांगतात की, गावच्या एक्सचेंजमधली ऑपरेटर त्यांच्याकडे येणारे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्यांना संशय होता, म्हणून त्यांनी ऑपरेटरच नाहीशी करण्याचा मार्ग शोधला. आपल्याकडे ज्यांनी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिली आहे, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग यांतला फरक खिशाला सोसून अनुभवला आहे, त्यांना ऑपरेटरची सत्ता समजावून सांगायला नको. पुढे १९९९ साली मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाला आपल्या लहानशा कंपनीसाठी एक्सचेंज हवे होते. बाजारातले परवडेना, म्हणून त्याने स्वतःच ते लिहायला घेतले. त्यातून ॲस्टरिस्क जन्माला आले. स्ट्रॉजर यांनी ऑपरेटरला हटवले. स्पेन्सर यांच्यामुळे ती खुर्ची कुणाच्याही घरात मांडता येऊ लागली. आमच्या घरात त्या खुर्चीवर मी बसलो आहे, हे माझ्या ध्यानात यायला मात्र तीन प्रसंग घडावे लागले.

पहिला प्रसंग विजेचा. आवाज ही नाजूक वस्तू आहे. दूरध्वनीच्या सर्वांत रुळलेल्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात आणि वीस-वीस मिलिसेकंदांच्या पुड्या बांधून, म्हणजे सेकंदाला पन्नास, त्या पाठवल्या जातात. पत्र दोन मिनिटे उशिरा आले तर बिघडत नाही; आवाजाची पुडी उशिरा आली तर ती फेकूनच द्यावी लागते. एका तोंडापासून दुसऱ्या कानापर्यंतचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. आभासी संगणकाला प्रोसेसर वाटून घ्यावा लागतो. शेजारचा आभासी संगणक छायाचित्रांच्या प्रती काढण्यात गुंतला की आमच्याकडे शब्द तुटत. ते मी दुरुस्त केले आणि स्वतःवर खूष झालो. पण यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले, तर एक्सचेंजचा आभासी संगणकही आपोआप सुरू व्हावा, ही एक खूण करायची राहून गेली.

पावसाळ्यातल्या एका रात्री वीज गेली आणि तासाभराने आली. संगणक सुरू झाला, एक्सचेंज झाले नाही. पहाटे आईला घाम फुटून चक्कर आली. तिने १३ दाबले. कानात नुसतेच टूं-टूं. सात वाजता मी खाली आलो तेव्हा ती पलंगावर टेकून बसली होती. साखर उतरली होती, बाकी काही नाही. ती एवढेच म्हणाली, "पहाटे कुणाशी एवढा बोलत होतास रे?" मी दुसऱ्या फोनवर असेन, असे तिला वाटले होते.

पूर्वीच्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्ट मिळत. घरात अंधार झाला तरी तो जिवंत असे. त्या बॅटऱ्यांची काळजी कुणीतरी पगार घेऊन घेत होते. एक्सचेंज घरी आणले तेव्हा ती काळजीही घरी आली, हे मी हिशेबात धरले नव्हते. आज कपाटात बॅटरीची सोय आहे, ती खूण केलेली आहे, आणि तरीही आईच्या उशाशी एक साधा मोबाईल ठेवलेला आहे. माझ्या कारागिरीवर तिचा जीव टांगलेला असता कामा नये.

दुसरा प्रसंग नियमांचा. ॲस्टरिस्कमध्ये एक धारिका असते. कोणता आकडा दाबल्यावर काय घडावे, हे तीत ओळीओळीने लिहायचे. टोरांटोच्या रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत १४ ची घंटा वाजू नये, ताईच्या आवाजातला निरोप ऐकू यावा, अशी सोय मी केली. ताईची झोप सांभाळली याचे समाधान होते. दोन दिवसांनी आईने विचारले, "मी फोन लावला तर तिकडे वाजायचा की नाही, हे तू कोण ठरवणार? मला विचारलंस? तिला विचारलंस?" मी दोघींनाही विचारले नव्हते. मग दोघींनी आपसांत बोलून ठरवले की, निरोप ऐकू यावा, पण त्यानंतर १ दाबल्यास घंटा वाजावी. माझ्याकडे फक्त ते लिहून काढण्याचे काम आले.

तिसरा प्रसंग सांगताना संकोच वाटतो. एक्सचेंज प्रत्येक फोनची नोंद ठेवते: कुणी, कुणाला, कधी, किती सेकंद. ही नोंदवही बिघाड शोधायला उपयोगी पडते. तसाच एक बिघाड शोधताना मला दिसले की, दुपारी तीनच्या सुमारास ११ वरून १४ ला रोज फोन लागतो. तेव्हा टोरांटोला पहाट असते. वीस-बावीस सेकंदांनी फोन बंद होतो. एकदाही १ दाबलेला नव्हता. आई ताईचा तो ध्वनिमुद्रित निरोप ऐकत होती आणि चोंगा खाली ठेवत होती.

हे मला कळण्याचा काहीएक अधिकार नव्हता. कुणा दूरच्या कंपनीच्या विदागारात ही नोंद पडून राहिली असती तर तिचा अर्थ कुणाला लागला नसता. मला तो क्षणात लागला. संभाषण कंपनीच्या हातून सोडवून घरी आणले म्हणजे ते मुक्त झाले, असे मी समजत होतो. ते फक्त अशा माणसाच्या हाती आले, ज्याला त्यातले सगळे समजते. स्वातंत्र्य मिळाले ते मला. घरातल्या इतरांच्या वाट्याला नवा ऑपरेटर आला, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करायला वरचे कार्यालयही नाही.

म्हणून हा छंद सोडावा, असे मी म्हणत नाही. जरूर करावा. एक्सचेंजचा दरवाजा आंतरजालावर सताड उघडा ठेवू नये, परवलीचे शब्द चाचपणारे अनोळखी लोक लगेच येतात. परदेशातून आलेले संभाषण विनापरवाना सार्वजनिक दूरध्वनी-जाळ्यात सोडणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, हेही विसरू नये. पण ही झाली बाहेरची काळजी. ती घेण्याच्या सूचना सगळेच देतात. आतली काळजी अशी की, ज्यांचा आवाज आपल्या यंत्रातून जाणार त्यांना यंत्र काय काय करू शकते ते आधी सांगावे, नियम त्यांना विचारून लिहावेत आणि नोंदवही बंद ठेवावी.

मी आईला सांगितले की, यंत्र सगळे लिहून ठेवत होते आणि ते मी पाहिले. ती मटार सोलत होती. "बरं," म्हणाली आणि सोलत राहिली. त्या रात्री जुन्या नोंदी पुसल्या आणि नोंदवही बंद केली. बिघाड झाला तर तो शोधण्यापुरती उघडायची आणि उघडण्यापूर्वी घरात सांगायचे, असे ठरले आहे. आई अजून दुपारी १४ लावते की नाही, हे मला आता ठाऊक नाही.