वसईची चर्च : इतिहासाचा पुरावा की पडद्यामागची भिंत?

१/ वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चवास्तू चित्रपटांच्या प्रेक्षकाला परक्या नाहीत. कधी नायिकेच्या गाण्यात, कधी मारामारीच्या प्रसंगात त्या दिसतात. दिसत नाही ते त्यांचे नाव.

२/ १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढील दोन शतकांत तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन पंथीयांनी आपापली चर्च आणि मठ उभारले. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आजही आहेत.

३/ मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. येथील घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलुखात गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांपैकीच. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. भीमाशंकरलाही अशीच घंटा आहे.

४/ युद्धात जिंकलेल्या वस्तूलाही मराठ्यांनी देवळात मानाचे स्थान दिले. ज्या मनोऱ्यांतून त्या घंटा उतरल्या, त्यांच्या वाट्याला मात्र आज ‘लोकेशन’ एवढीच ओळख यावी?

५/ ‘चित्रीकरणाने प्रसिद्धी मिळते’, हा नेहमीचा युक्तिवाद. २०१६ मध्ये कोल्डप्लेच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्यात वसईचे अवशेष झळकले आणि जगभर पाहिले गेले. त्यातून वसईचा इतिहास किती जणांपर्यंत पोहोचला? अनामिक वास्तूची प्रसिद्धी ही त्या वास्तूची प्रसिद्धी नव्हे.

६/ ‘शुल्क मिळते’, हा दुसरा युक्तिवाद. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकात चित्रीकरणास परवाना लागतो. परंतु परवाना म्हणजे वापराची मुभा. दगडाची झीज कोणतेही शुल्क भरून काढत नाही. थडग्याच्या शिळेवरून अवजड सामान ओढले, तर पुसले गेलेले अक्षर पुन्हा उमटत नाही.

७/ चित्रीकरणावर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. अटी मात्र कठोर हव्यात : कोरीव शिळांवर सामान नको, भिंतींना रंग वा खिळा नको, आणि श्रेयनामावलीत वास्तूचे नाव व काळ अनिवार्य हवा.

८/ नारोशंकराच्या घंटेखाली उभा राहणारा भाविक तिची कथा विचारतो. चर्चच्या भिंतीसमोर उभा राहणारा तरुण ‘येथे कोणता चित्रपट झाला?’ एवढेच विचारू लागला, तर १७३९ मध्ये न हरपलेले काहीतरी आज हरपत आहे, असेच म्हणावे लागेल.