सागवान त्यांना, मातीचा उपदेश आम्हाला?



पर्यावरणवाद्यांच्या व्यासपीठावरून हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: सिमेंट सोडा, माती-बांबूकडे वळा, जंगल वाचवा. सल्ला खोटा नाही. प्रश्न एवढाच की तो दिला कोणाला जातो? बल्लारपूरचे सागवान नव्या संसद भवनात लागले. २०२३ मध्ये तेच सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मिरवत नेले. तेव्हा कोणालाही मातीचे गुण आठवले नाहीत. साधेपणाचा धडा मात्र घरकुलाच्या लाभार्थ्याने गिरवायचा!

म्हणून हा विषयच सोडून द्यायचा का? नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. इथल्या चौकटींचे लाकूड बहुतेक बाहेरून येते. ते कुठल्या जंगलातले, तिथल्या आदिवासींना त्याचे काय मिळाले, हे बिलावर कधी लिहिलेले दिसते का? जंगल वाचवणारे बांधकाम हा आपलाही प्रश्न आहे, पण तो आपल्या अटींवर मांडला पाहिजे.

पहिली अट सुरक्षिततेची. 'स्थानिक ते सगळे चांगले' हा भाबडेपणा या जिल्ह्याला परवडणारा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीबरोबर आपल्याकडची सास्तूर, होळी, राजेगाव ही गावेही कोसळली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाची जड माती अंगावर आली. हलक्या छपराखाली झोपलेले तुलनेने वाचले. भिंतींना आडवे पट्टे आहेत का, कोपरे नीट बांधलेत का, छप्पर हलके आहे का, यावर जीव अवलंबून असतो. हे शास्त्र पाळले नाही तर सिमेंटही मारते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावले होते. खेड्यातल्या घराचे गोडवेही आपण डोळे मिटून गाऊ नयेत.

दुसरी अट समतेची. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून बावन्न गावे नव्या जागी वसवली. घर किती मोठे, हे जमिनीवरून ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त जमीन असेल तर ७५०. भूकंपाने कोणाचा सातबारा पाहिला नव्हता, सरकारने पाहिला! आणि आज? प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. इतक्या वर्षांत वाढले १९ फूट. केंद्राच्या योजनेचे मूळ अनुदान सपाट भागात १,२०,००० रुपये. एवढ्या पैशात 'प्रयोग करा' म्हणणे म्हणजे गरिबावरच प्रयोग करणे आहे. सुरुवात तहसील, जिल्हा परिषद, विश्रामगृह यांच्या इमारतींपासून करा. निविदेत लाकडाचा उगम लिहिणे बंधनकारक करा. ते तिथे टिकले की घरकुलाला पर्याय म्हणून द्या, वाढीव अनुदानासह.

तिसरी अट श्रमाची. बांबू म्हटले की बुरूड आठवतो, दगड म्हटले की वडार. कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली, ती याच गुलामीविरुद्ध. 'पारंपरिक कौशल्य' या गोड नावाने नवे वतन आम्हाला नको. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया करून बांबू टिकाऊ करणे, दाबलेल्या मातीच्या विटा पाडणे हे तंत्रशिक्षण आहे. ते आयटीआयमध्ये सर्व जातींच्या मुलांना शिकवा, प्रमाणपत्र द्या, आणि ठेका मजुरांच्या सहकारी संस्थांना द्या.

बांबू आणायचा कुठून? वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ मध्ये कायद्याने 'झाड' या व्याख्येतून वगळला, त्यामुळे तो शेताच्या बांधावर लावता आणि तोडता येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने तर २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतूक परवान्याचा हक्क ग्रामसभेकडे खेचून आणला. अशा ग्रामसभांकडून थेट खरेदी झाली तर जंगल राखणाऱ्या आदिवासीला दाम मिळेल. धाराशिवचा बौद्ध तरुण आणि गडचिरोलीचा गोंड तरुण यांचे नाते असे व्यवहारातून बांधले जाईल.

आपल्यातले काही म्हणतील, 'स्लॅब हाच आमचा स्वाभिमान.' ही भावना मी हसण्यावारी नेत नाही. गावकुसाबाहेर स्लॅब पडला की गावाच्या डोळ्यात खुपतो, हे आपण जाणतो. पण एप्रिल-मेच्या रात्री त्याच स्लॅबखाली लेकरे तळमळतात, हेही जाणतो. स्वाभिमान सिमेंटच्या गोणीत नसतो. आपले घर कशाचे असावे हे आपण ठरवण्यात तो असतो.

येत्या ग्रामसभेत उठून विचारा: नव्या सरकारी इमारतीचे लाकूड कुठले? काम कोणाला, मजुरी किती? घरकुलाचा नकाशा निवडायचा हक्क लाभार्थ्याला आहे का? उत्तर लेखी घ्या.

जय भीम! जय संविधान!