पेटी गेली, मोजमाप पुस्तिका उरली

१ मार्च २०२३ रोजी हरियाणातील सरपंच मोठ्या संख्येने पंचकुला येथे जमले आणि पोलिसांचा लाठीमार झेलून परतले. वादाचे मूळ होते एक आकडा. दोन लाख रुपयांहून अधिक खर्चाचे काम ई-निविदेखेरीज देऊ नये, असा निर्णय राज्य सरकारने घेतला होता आणि नुकत्याच निवडून आलेल्या सरपंचांना तो आपल्या अधिकारांवरील घाला वाटत होता. त्याच महिन्यात ही मर्यादा पाच लाखांवर गेली. जुलै २०२४ मध्ये ती एकवीस लाखांवर नेण्याची घोषणा झाली. त्यानंतर तीन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक होती, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

सरपंचांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते, असे नाही. फुटलेली नाली पावसाळ्यापूर्वी बांधून घ्यायची असते आणि गावातल्या गवंड्यापाशी डिजिटल सही नसते. संगणकावर निविदा भरणारा तालुक्याचा कंत्राटदार असल्या किरकोळ कामाकडे ढुंकूनही पाहत नाही. परंतु मर्यादा दहापट वाढविल्याने ही अडचण दूर होते की आणखी कशाला वाव मिळतो, हे ठरविण्यासाठी कागदी निविदांचे दिवस आठवले पाहिजेत.

त्या काळी कोरी निविदा कार्यालयातून विकत घ्यावी लागे. कोणी घेतली, याची वार्ता सायंकाळपर्यंत गावभर पोहोचलेली असे. भरलेला लिफाफा टाकायच्या दिवशी पेटीच्या आसपास दांडगट माणसे उभी असत. कंत्राटदारांची ‘रिंग’ अगोदरच बसलेली असे. कोणते काम कोणी घ्यावयाचे आणि इतरांनी चढे दर भरून त्याला कशी साथ द्यावयाची, हे चहाच्या टेबलावर ठरे. आंध्र प्रदेशात चंद्राबाबू नायडू मुख्यमंत्री असताना २००३ साली ई-निविदांचा प्रारंभ झाला, तो मुख्यत्वे ही दांडगाई मोडण्यासाठी. निविदा कोठूनही भरता येऊ लागली, ती कुलूपबंद सांकेतिक रूपात साठू लागली आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या डिजिटल किल्ल्या एकत्र आल्याखेरीज उघडेनाशी झाली. पेटीपाशी उभे राहण्याचे प्रयोजनच संपले. ही सुधारणा लहान नव्हे. तिची टिंगल करणाऱ्यांनी जुनी पेटी पाहिलेली नसावी.

पुढचा प्रवास सर्वपरिचित आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र सरकारचे ‘जेम’ हे खरेदीसंकुल सुरू झाले, पुढील वर्षी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय बंद करण्यात आले आणि २०२४-२५ मध्ये ‘जेम’वरील उलाढाल पाच लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली.

कौटिल्याने अर्थशास्त्रात राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. त्यांची यादी आजच्या लेखापरीक्षकानेही डोळ्यांसमोर ठेवावी अशी आहे. आधी जमा झालेले नंतर दाखविणे आणि नंतरचे आधी झाल्याचे लिहिणे, हे त्यातले प्रकार संगणकाने बरेचसे अवघड करून टाकले, कारण तेथे प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का बसतो. परंतु त्याच यादीत किंमतीतील लबाडी, मोजण्यातील लबाडी आणि वजनातील लबाडीही आहे. रस्त्यावर डांबराचा थर किती जाडीचा पडला, हे संगणकाला दिसत नाही. ते मोजमाप पुस्तिकेत कनिष्ठ अभियंता लिहितो, आणि तो लिहील ते खरे.

निविदेच्या अलीकडेही एक दार उघडेच असते. अटी लिहिणारी लेखणी माणसाच्याच हाती आहे. उलाढालीची अट किंचित उंच ठेवली, विशिष्ट यंत्र स्वतःच्या मालकीचे असावे असे एक वाक्य घातले, की शंभरांतले सत्याण्णव स्पर्धक जागच्या जागी बाद होतात. उरलेल्या तिघांची स्पर्धा मग अत्यंत पारदर्शक रीतीने पार पडते!

किल्ल्यांचीही तीच कथा. दक्षिण कोरियाने २००२ साली देशभराची सरकारी खरेदी एका संगणकीय व्यवस्थेत आणली आणि जगाने तिचे कौतुक केले. तेथेही कंपन्या आपली डिजिटल प्रमाणपत्रे एकमेकांना उसनी देऊ लागल्या, तेव्हा २०१० मध्ये बोटांच्या ठशांची ओळख आणावी लागली. आपल्याकडे साहेबांची डिजिटल किल्ली आणि तिचा सांकेतिक शब्द कारकुनाच्या खणात असतो, हे कार्यालयातल्या शिपायालाही ठाऊक असते. मध्य प्रदेशात २०१८ साली जलनिगमाच्या तीन निविदा संगणकातच फेरफार झाल्याच्या संशयावरून रद्द कराव्या लागल्या आणि पुढील वर्षी आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदविला. न्यायालयात काय टिकते, तो निराळा विषय. पण संशय घेण्याजोगी जागा संगणकाच्या आतही असते, एवढे त्यावरून कळले. राज्यात सरकार कोणाचे होते, यावरून ही गोष्ट लहान किंवा मोठी ठरत नाही.

आता पुन्हा हरियाणाच्या आकड्याकडे. मर्यादा एकवीस लाखांची झाली, की साठ लाखांचा रस्ता वीस-वीस लाखांच्या तीन तुकड्यांत वाटून देता येतो आणि प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या कक्षेबाहेर राहतो. मंजुरी टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडू नयेत, असे केंद्राचे वित्तीय नियमही सांगतात. तुकडे तरीही पडतात. गवंड्याची अडचण खरी असेल तर उपाय गवंड्यापाशी शोधावा लागेल. ग्रामसेवकाला प्रशिक्षण देऊन लहान कामांसाठी सोपा अर्ज आणि अल्प मुदत ठेवता येते, बयाणा रक्कम माफ करता येते. सूक्ष्म व लघु उद्योगांना अशी सवलत आहेच. यातले काहीही न करता केवळ आकडा वाढविणे सोयीचे असते आणि ते कोणाच्या सोयीचे असते, हे गावातल्या लहान मुलालाही कळते.

राहिला प्रश्न पैशाचा. लघुउद्योजकाचे देयक पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे आणि विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असा कायदा २००६ पासून आहे. व्याज मागणारा पुरवठादार मात्र क्वचितच आढळतो, कारण पुढचे काम त्याच कार्यालयाकडून मिळवायचे असते. त्याच्या देयकाची फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे, याची नोंद निविदा जाहीर होते त्याच पानावर, मोजमाप लिहिणाऱ्या अभियंत्याच्या नावासह, सर्वांना दिसेल अशी ठेवण्यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही.