बीए? मार्क कमी पडले का?

गेल्या जूनमध्ये मी तीन कॉलेजं पाहिली. वयाची पन्नाशी जवळ आलेल्या माणसानं कॉलेजं पाहत का हिंडावं, असं तुम्ही विचाराल. तर धाकट्या भाचीची बारावी झाली. सायन्सला ८४ टक्के. आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं की मला इतिहास आणि अर्थशास्त्र शिकायचंय. पाथर्डीच्या घरात त्या दिवशी जे वातावरण होतं ते सांगत नाही. ताईनं मला फोन केला तो "तू तिला समजाव" म्हणून. मी गेलो समजवायला आणि परत आलो तो तिचा ड्रायव्हर होऊन.

या पोस्टमुळे नातेवाईक मंडळी रागावणार हे मला ठाऊक आहे. रागवा. पण शेवटपर्यंत वाचून रागवा.

त्या महिन्याभरात मला एकूण एकच प्रश्न विचारला गेला. काका, मावसभाऊ, शेजारचे निवृत्त गुरुजी, सगळ्यांचा तोच. "बीए? मार्क कमी पडले का?" दुसरा प्रश्न असलाच तर "प्लेसमेंट काय?" पोरीला काय आवडतं, कोण शिकवतं, काय वाचायला मिळतं, हे एकानंही विचारलं नाही. बाजारात वांगी घेताना आपण उलटीपालटी करून, देठ बघून घेतो. पोरीची चार वर्षं (आता नव्या शैक्षणिक धोरणात ऑनर्स पदवी चार वर्षांची झाली आहे) मात्र रंगीत माहितीपत्रक बघून देऊन टाकतो.

भाचीनं वही केली होती. त्यात पाच प्रश्न. मला ते इतके पटले की इथे देतोच.

एक, इतिहास शिकवणारे किती, त्यातले कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती? दोन, गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाचे तास खरंच झाले का? तीन, ग्रंथालयात कपाटापर्यंत जाता येतं की खिडकीतून चिठ्ठी द्यायची? चार, मी काही लिहिलं तर कोणी वाचून, खुणा करून परत देईल का? पाच, संध्याकाळची शेवटची एसटी किती वाजता?

पाचव्या प्रश्नाला हसू नका. क्षेत्रफळानं राज्यातल्या सगळ्यात मोठ्या जिल्ह्यात आपण राहतो. मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. कॉलेजात पाऊल टाकलं की तो संपतो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, पण बसच नसेल तर अर्धं तिकीट कशाचं काढायचं?

पहिलं कॉलेज तालुक्याचं. नाव देत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नाही. ग्रंथालयात भाचीनं एक युक्ती केली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेचे शिक्के असतात ना, ते ती बघत सुटली. इतिहासाच्या कपाटातल्या बऱ्याच पुस्तकांवर अलीकडचा शिक्काच नव्हता. पुस्तकं होती, चांगली होती, पण कोणी नेलीच नव्हती. तिथे एक सर भेटले, तासिका तत्त्वावरचे. सेट झालेले, दोन कॉलेजांत मोटरसायकलवर ये-जा करून शिकवणारे. सुट्टीत तास नाहीत, तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. तरी हा माणूस त्या दिवशी फुकट तासभर बसला, निजामशाही आणि मलिक अंबरच्या जमीनमहसुलाबद्दल पोरीशी बोलला आणि पिशवीतलं स्वतःचं पुस्तक तिला देऊन गेला. निघताना म्हणाला, "पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही सांगता येत नाही." जिल्हाभर अशा माणसांच्या खांद्यावर बीए उभी आहे, आणि आपण विचारतो कॅम्पस कसा आहे!

दुसरं पुण्याजवळचं खासगी विद्यापीठ. हिरवळ, काच, कॉफी. लिबरल आर्ट्स हा शब्द तिथे पाच मिनिटांत सात वेळा ऐकला. मी टिंगल करायच्या तयारीनंच गेलो होतो, पण खरं सांगतो, जमली नाही. तिथे वर्गात मोजकी मुलं. दर आठवड्याला निबंध, आणि तो वाचून परत येतो. इतिहासाबरोबर संख्याशास्त्र घ्यायचं तर घेता येतं. भाचीच्या चौथ्या प्रश्नाला सरळ "हो" म्हणणारी ती एकच जागा. फी मात्र वर्षाला काही लाख. शिष्यवृत्त्या आहेत, पण ताईच्या घरात त्या भरवशावर उडी मारायची कोणाची छाती नाही. माझीही नाही.

तिसरं नगर शहरातलं. (२०२४ साली नाव अहिल्यानगर झालं, जिभेला अजून वळण लागायचंय.) खिडकीवरचे गृहस्थ मार्कलिस्ट बघून म्हणाले, "८४ आहेत की! मग बीए कशाला?" म्हणजे जो माणूस बीएचा प्रवेश देतो त्यालाच बीए ही नापासांची धर्मशाळा वाटते. नव्या धोरणाप्रमाणे मुख्य विषयाबरोबर गौण विषय निवडता येतो, असं भिंतीवरचं पोस्टर म्हणत होतं. खिडकी म्हणाली, "तसं कॉम्बिनेशन टाइमटेबलात बसत नाही." पोस्टर खरं की खिडकी? अर्थातच खिडकी. नॅकची श्रेणी मात्र फाटकावर हातभर अक्षरात. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना सीबीआयनं लाचेच्या प्रकरणात अटक केली, तेव्हापासून ती अक्षरं मला जरा लहान दिसतात.

आता माझा मुद्दा. काचा आणि हिरवळ बाजूला काढली तर त्या महागड्या विद्यापीठाकडे खरं काय आहे? वर्गात थोडी मुलं, वाचणारा शिक्षक, आणि लिहिलेलं परत देण्याची सवय. यातली कोणती गोष्ट नगरच्या मातीला परकी आहे?

आपल्याच भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात बारा माणसं डांबलेली होती. नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत आणि इतर. तिथे नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, आझादांनी 'गुबार-ए-खातिर'. सोबत्यांच्या विद्वत्तेचा आणि चर्चेचा फायदा झाला, असं नेहरूंनी प्रस्तावनेत मान्य केलंय. ना नॅक, ना प्लेसमेंट. बाग होती, पण ती नेहरूंनी स्वतः खणलेली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला मिस फरार यांच्याकडे घेतले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. म्हणजे मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत पुणं नगरकडून शिकलंय, आणि आपण पोरींना सांगतो "शिकायचं तर पुण्याला". आणि १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं ते कशासाठी? इथल्या पोरांना कला आणि विज्ञान शिकायला गाव सोडावं लागू नये म्हणूनच ना?

मग बिघडलं कुठे? सरकारनं जागा वेळेवर भरल्या नाहीत, हे खरं. संस्थाचालकांना इंजिनिअरिंगच्या इमारतीत जास्त रस, हेही खरं. पण तिसरा गुन्हेगार आपण आहोत. ज्यांना परवडलं त्यांनी आपली पोरं उचलली आणि मागे राहिलेल्या कॉलेजाला नावं ठेवली. प्रश्न विचारणारे पालकच निघून गेले, तर खिडकीवरच्या माणसाला उत्तर द्यायची सवय राहील कशी?

आणि यात मी पहिला. मी बीए नगरलाच केलं. पण नोकरीला पुण्यात आलो आणि कोणी "कुठून?" विचारलं की सांगायचो, "पुणे विद्यापीठ." खोटं नव्हतं, कॉलेज त्याच विद्यापीठाला जोडलेलं. पण खरंही नव्हतं. ज्या सरांनी माझा पहिला निबंध लाल शाईनं भरून परत दिला होता, त्यांचं कॉलेज मी वीस वर्षं गिळलं. हे भाचीला गाडीत सांगितलं. ती म्हणाली, "मामा, म्हणजे चौथ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा 'हो' होतं तर!"

तिनं नगरला प्रवेश घेतला. हॉस्टेल मिळालं, त्यामुळे एसटीचा प्रश्न मिटला. इतिहास मुख्य, अर्थशास्त्र गौण. त्यासाठी खिडकीवर तीन खेपा आणि प्राचार्यांना एक अर्ज लागला. अर्ज दिल्यावर टाइमटेबलात बसलं! म्हणजे आजवर कोणी मागितलंच नव्हतं. पटावर पुष्कळ नावं आहेत, वर्गात येतात नऊ. लाखो रुपये भरून मिळणारा छोटा वर्ग तिला गैरहजेरीच्या कृपेनं मिळालाय, यावर हसावं की रडावं कळत नाही. दोन निबंध लिहून दिलेत. एक परत आला, खुणांसह. दुसऱ्याची वाट बघतेय.

ती निवड बरोबर ठरेल याची खात्री मी ताईला दिलेली नाही. इंजिनिअरिंगची तरी कोण देतं?

तेव्हा मंडळी, पुढच्या जूनमध्ये घरात कोणाची बारावी झाली तर पॅकेज नंतर विचारा. आधी ग्रंथालयात जाऊन शेवटच्या पानावरचा शिक्का बघा. आणि मला कोणी "कुठून?" विचारलंत तर ऐकून ठेवा. नगरहून. बीए.